मुळांवरील गाठी आणि जैविक नत्र स्थिरीकरण

हवेतील नत्रवायूचे अमोनियात रूपांतर करण्याच्या काही जीवाणूंच्या प्रक्रियेस जैविक नत्र स्थिरीकरण म्हणतात. द्विदल शेंगवर्गीय पिकांत हे काम मुळांवरील गाठींमध्ये चालते. तूर, मूग, उडीद, हरभरा आणि सोयाबीन पिकवणाऱ्या मराठवाड्यात विद्यार्थ्यांना ते पाहायला प्रयोगशाळेची गरज नाही. खुरपे आणि ब्लेड पुरेसे आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही नत्रावाचून पीक पिवळे पडते. नत्राच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध वनस्पतींना तोडता येत नाही. युरियासाठी लागणारा अमोनिया तयार करताना कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब लागतो. जीवाणू हेच काम मातीच्या साध्या तापमानात, नायट्रोजिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने करतात. अर्थात तेही फुकट होत नाही. नत्राच्या एका रेणूमागे किमान १६ एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, खर्ची पडतात आणि त्यासाठी लागणारे अन्न वनस्पती पुरवते.

गाठीतील जीवाणू १८८८ मध्ये मार्टिनस बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने वेगळे केले. मुळातून फ्लॅव्होनॉइड द्रव्ये पाझरतात, त्यांना प्रतिसाद म्हणून मातीतील रायझोबियम गटातील जीवाणू स्वतःचे रासायनिक संकेत सोडतात, मूलरोम (मुळावरील केसासारखा तंतू) वळतो आणि जीवाणू आत शिरतात. पुढे मुळाच्या पेशी विभागून गाठ तयार होते. जीवाणू पिकानुसार वेगळे असतात: हरभऱ्याचे जीवाणू सोयाबीनच्या कामाचे नाहीत. म्हणून बियाण्याला लावण्याचे जीवाणू संवर्धन त्या त्या पिकाचेच घ्यावे लागते. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, संवर्धन शेवटी. आणि बियाणे सावलीत सुकवायचे.

फुलोऱ्याच्या सुमाराला, वाफसा असताना सोयाबीनचे झाड खुरप्याने मातीसकट काढावे. हाताने उपटले तर गाठी तुटून जमिनीतच राहतात. मुळे पाण्यात हलकेच धुतली की गोल, टणक गाठी दिसतात. हरभऱ्याच्या गाठी मात्र वेड्यावाकड्या, फाटे फुटलेल्या असतात. एक गाठ ब्लेडने कापावी. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर ती गाठ काम करते आहे. पांढरी असेल तर ती अजून कच्ची किंवा निष्क्रिय, हिरवट-तपकिरी असेल तर तिचे आयुष्य सरले. हा गुलाबी रंग लेगहीमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जवळच्या नातलगाचा. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन सोसत नाही, पण जीवाणूंना श्वसनासाठी तो हवाच; लेगहीमोग्लोबिन तो बेताबेताने पोचवते. सूत्रकृमींमुळेही मुळांवर गाठी येतात. मात्र ती मुळाचीच सूज असते, बोटाने चोळून सुटत नाही. जीवाणूंची गाठ चटकन निघते.

हरभऱ्याच्या किंवा मुगाच्या बेवडावर, म्हणजे ते पीक निघालेल्या जमिनीत, ज्वारी चांगली येते, हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव. त्यामागे पडलेला पाला, कुजलेली मुळे आणि गाठींतून मातीत परतणारा नत्र आहे. पण सोयाबीनच्या बाबतीत या समजुतीला मर्यादा घालावी लागते. त्याच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजे स्थिर झालेल्या नत्राचा मोठा भाग पोत्यातून बाजारात जातो. वर भुसकटही शेताबाहेर गेले तर जमिनीला फारसे काही उरत नाही. तूर मात्र पानगळीतून बरेच काही परत देते. कापसात किंवा सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेण्याची मराठवाड्यातील पद्धत म्हणूनही मोलाची आहे.

गाठी बिघडण्याची कारणे इथल्या शेतात सहज सापडतात. भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, लांबलेल्या उघडीपीत गाठी सुकतात, आणि युरिया जास्त पडला तर झाडाला आयता नत्र मिळून गाठी कमी धरतात. म्हणून कडधान्यांना पेरणीवेळी नत्राची मात्रा थोडीच, तुरीला हेक्टरी साधारण २५ किलो, सांगितली जाते: गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला आधार म्हणून.