ग्वानाह्वातोचे भुयारी रस्ते खाणीतले नव्हेत
मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो शहराखालून गाड्या धावतात. ते रस्ते म्हणजे स्पॅनिश काळातल्या चांदीच्या खाणींचे बोगदे, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. त्यातला मुख्य रस्ता म्हणजे चक्क नदीचं जुनं पात्र! दरी अरुंद, जागा कमी, म्हणून लोकांनी पात्रावरच कमानी टाकून बांधकामं केली. पूर वारंवार आले. १९०५ चा तर भयंकर. पुढे नदी बोगद्यातून वळवली आणि १९६० च्या दशकात कोरड्या पात्रात रस्ता आला. तिथे मान वर केली की दगडी कमानींवर टेकलेली घरं दिसतात. बाकीचे बरेचसे बोगदे विसाव्या शतकात वाहतुकीसाठीच खोदलेले. चांदीची प्रसिद्ध वालेन्सियाना खाण तर वर डोंगरावर आहे, १७८८ साली पूर्ण झालेल्या सान कायेतानो चर्चच्या शेजारी.