एकच 'थिंक', तीन क्रियापदं: मनाच्या शब्दांचं रोमानियन भाषांतर

इंग्रजीतलं 'आय थिंक' रोमानियनमध्ये न्यायचं, तर आधी ठरवावं लागतं की बोलणारा विचार करतोय, मत देतोय, की त्याला नुसतं तसं वाटतंय. इंग्रजीत एकटं 'थिंक' ही तिन्ही कामं उरकतं. रोमानियनमध्ये तिन्हींसाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत. त्यातलं चुकीचं उचललं, तर वाक्य व्याकरणाने चोख राहतं आणि भलतंच काहीतरी सांगतं. कादंबरीत अशी चूक झाली तर वाचक जरा अडखळतो आणि पुढे जातो. मानसशास्त्रीय प्रश्नावलीत मात्र ती थेट आकड्यांत शिरते आणि मग तिथून तिला हुडकून काढणं फार जड जातं.

उच्चारांविषयी थोडं. रोमानियन ही लॅटिनपासून निघालेली भाषा. तिच्यात आपल्या 'अ'सारखा एक स्वर आहे, त्यामुळे 'मला', 'मी स्वतःला' या अर्थाचा 'म' मराठी माणूस सहज म्हणतो. 'चाक'मधला 'च'ही आहे. इथे तो 'त्स' असा लिहिला आहे. अडचण एकाच स्वराची: जीभ 'इ'पेक्षा मागे, ओठ ताणलेले. मराठीत तो नाही, म्हणून तिथे 'इ' वापरला आहे. 'अ' वापरला असता तर विचार करण्याचं क्रियापद 'गंदी' झालं असतं, आणि ते कुणालाच नको.

तर ती तीन क्रियापदं. पहिलं 'गिन्दी', म्हणजे डोक्यात विचार चालणं. नुसतं 'गिन्देस्क' म्हटलं की विचारशक्ती. तत्त्वज्ञ देकार्तचं 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे प्रसिद्ध वाक्य रोमानियनमध्ये 'गिन्देस्क, देच एग्झिस्त' असं म्हणतात. त्याच्या आधी 'म' लावून 'म गिन्देस्क ला' म्हटलं की अमुक एका गोष्टीचा विचार मनात असणं. 'म गिन्देस्क ला तिने' म्हणजे 'मी तुझा विचार करतोय'. 'म गिन्देस्क स प्लेक' म्हणजे 'निघावं म्हणतोय'. दुसरं 'क्रेद': मत किंवा विश्वास. 'क्रेद क प्लोव', पाऊस पडतोय असं माझं मत. देवावर विश्वास आहे हे सांगायलाही हेच क्रियापद. तिसरं 'मि से पारे', आणि हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरजच नाही, कारण ते शब्दशः 'मला वाटतं' आहे. विचार करणारा इथे कर्ता नसतो, चतुर्थीत जाऊन बसतो. 'पारे'चं 'वाटणं'शी साम्य एवढ्यावर थांबत नाही. क्षमा मागताना रोमानियन माणूस 'इम पारे रउ' म्हणतो. 'रउ' म्हणजे वाईट, म्हणजे 'मला वाईट वाटतं'. आनंद झाला की 'इम पारे बिने', 'मला बरं वाटतं'. आणि 'त्सि सा परूत' म्हणजे 'तुला उगीच तसं वाटलं'.

इंग्रजीच्या वाटेने जाणारा भाषांतरकार ही तिसरी सोय विसरतो. ती वापरली नाही तर बोलणं विनाकारण ठाम होतं. बोलताना आणखी एक पर्याय ऐकू येतो, 'येउ झिक', म्हणजे 'मी म्हणतो'. 'येउ झिक स मेर्जेम' आणि 'मी म्हणतो, जाऊ या' यांत काडीचा फरक नाही.

आता प्रश्नावलीकडे. आजारपणाच्या भीतीबद्दलच्या एखाद्या प्रश्नावलीत 'आय थिंक आय ॲम इल' असं विधान आहे असं धरू. एक भाषांतरकार लिहितो 'क्रेद क सुन्त बोल्नाव', म्हणजे मी आजारी आहे असं मी मानतो. दुसरा लिहितो 'म गिन्देस्क क सुन्त बोल्नाव', म्हणजे मी आजारी आहे असा विचार माझ्या मनात येतो. पहिलं समजूत मोजतं, दुसरं मनात येऊन जाणारा विचार. धडधाकट माणूस, आपण आजारी नाही हे पक्कं ठाऊक असूनही, दुसऱ्या विधानाला 'कधी कधी' म्हणेल. पहिल्याला तो 'नाही' म्हणेल. एकाच माणसाचे दोन गुण झाले, आणि फरक माणसात नसून क्रियापदात आहे.

अशा चुका पकडायला उलट भाषांतर असतं असं कुणी म्हणेल. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 साली ही पद्धत नीट मांडली: मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून भाषांतर परत इंग्रजीत करून घ्यायचं आणि मुळाशी ताडून पाहायचं. पद्धत उपयोगाची आहे, पण नेमकी इथे आंधळी ठरते. वरची दोन्ही रोमानियन वाक्यं इंग्रजीत परतली की 'आय थिंक आय ॲम इल' अशीच होतात. लक्ष्यभाषेत जी फट आहे ती मूळ भाषेत नाहीच, म्हणून परतीच्या वाटेवर ती बुजून जाते. अहवालात 'उलट भाषांतर मुळाशी तंतोतंत जुळलं' असं लिहिलं जातं आणि सगळे निश्चिंत होतात. मनाच्या शब्दांच्या बाबतीत तंतोतंत जुळणी पाहून जरा सावध व्हावं, असंच म्हणेन.

मग ओळखायचं कसं? पहिली खूण इंग्रजीतच मिळते. वाक्य चालू काळात घालून पाहायचं. 'आय ॲम थिंकिंग' असं करून अर्थ टिकला तर 'गिन्दी', बिघडला तर 'क्रेद' किंवा 'पारे'. दुसरी खूण उत्तरांच्या पट्टीत असते, आणि ती बहुतेक वेळा नजरेतून सुटते. पर्याय 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत असतील तर 'क्रेद' त्यात बसत नाही; समजूत असते किंवा नसते, ती आठवड्यातून तीनदा होत नाही. पर्याय 'पूर्ण असहमत' पासून 'पूर्ण सहमत' पर्यंत असतील तर 'म गिन्देस्क' अवघडतं. पट्टी आणि क्रियापद यांचं भांडण लागलं की उत्तर देणारे मधला पर्याय निवडून मोकळे होण्याचा धोका असतो. मराठी माणसाला तिसरीही खूण आयती मिळते: 'माझ्या मनात येतं', 'माझं मत आहे' आणि 'मला वाटतं' यांपैकी काय शोभतं ते मनाशी म्हणून पाहायचं.

आरोग्यविषयक प्रश्नावल्यांच्या भाषांतरासाठी 'इस्पॉर' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासगटाने 2005 मध्ये 10 पायऱ्यांची पद्धत दिली. त्यातली अशा चुका पकडणारी पायरी बरीच उशिरा येते: तयार मसुदा ती भाषा बोलणाऱ्या 5 ते 8 सामान्य लोकांना देऊन त्यांना काय समजलं ते विचारायचं. इथे 'कळलं का?' असा प्रश्न निरुपयोगी. सगळे 'हो' म्हणतात. विधान स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचं. सांगणारा 'किती वेळा' याबद्दल बोलू लागला तर त्याने प्रक्रिया वाचली. 'किती खात्री' याबद्दल बोलला तर समजूत वाचली. आठांपैकी तिघे एका बाजूला आणि पाच दुसऱ्या बाजूला गेले, तर ते विधान पुन्हा लिहायला घ्यायचं.

लहान मुलांच्या चाचण्यांत हे आणखी नाजूक होतं. दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते हे मुलाला कळतं का, हे पाहणारी सॅली आणि ॲन या बाहुल्यांची चाचणी सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी 1985 मध्ये वापरली. सॅली गोटी टोपलीत ठेवून जाते, ॲन ती खोक्यात हलवते. मूळ प्रश्न होता, सॅली गोटी कुठे शोधेल? त्यात 'थिंक' नव्हतंच. रोमानियनमध्ये 'उन्दे वा कउता' असं विचारलं की काम भागतं. पुढे 'सॅलीला कुठे वाटतंय' अशा धाटणीने विचारायचं झालं तर 'क्रेदे' घ्यावं. 'इश इन्किपुये', म्हणजे 'ती कल्पना करते', घेतलं तर त्या क्रियापदातच 'समज खोटी आहे' अशी कुजबुज असते आणि मुलाला आयतं उत्तर मिळतं. ही शंका हवेतली नाही. तुर्कीत चुकीच्या समजुतीसाठी 'सान्माक' असं खास क्रियापद आहे, आणि मॅरिलिन शॅट्झ व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं की अशी क्रियापदं असलेल्या भाषांतल्या मुलांना समजुतीबद्दलचा प्रश्न तुलनेने सोपा जातो.

'रिमेंबर' हा शब्दही असाच दुभंगतो. लक्षात ठेवणं म्हणजे 'त्सिने मिन्ते', शब्दशः 'मनात धरणं'. आठवणं म्हणजे 'आमिन्ती'. स्मरणशक्तीच्या अभ्यासात साठवण आणि ऐनवेळी आठवण या दोन वेगळ्या क्रिया मानतात. इंग्रजी प्रश्न त्या एकाच शब्दात गुंडाळतो आणि रोमानियन भाषांतरकाराला निवड करायला लावतो. मराठीतही तेच करावं लागतं, त्यामुळे 'नावं रिमेंबर करायला त्रास होतो का?' हा प्रश्न दोन्ही भाषांत दोन प्रश्न म्हणून लिहिणं बरं.

विसरण्यात एक वेगळा खड्डा आहे. 'उय्ता' म्हणजे विसरणं. तेच क्रियापद स्वतःवाचक केलं की 'पाहणं'. 'उय्तात्स देस उन्दे आत्स पुस केइले?' म्हणजे 'किल्ल्या कुठे ठेवल्या हे वारंवार विसरता का?' सुरुवातीला चुकून एक 'व' लागला, 'व उय्तात्स देस...', की प्रश्न होतो, 'किल्ल्या ठेवल्या तिथे वारंवार पाहता का?' विसराळू माणूस प्रामाणिकपणे 'हो' म्हणेल, काटेकोर माणूसही 'हो' म्हणेल. ही चूक मात्र उलट भाषांतरात चटकन सापडते.

'माइंड'साठी शब्दकोश 'मिन्ते' देतो. लॅटिन 'मेन्स'चा हा वंशज आपल्या 'मन'चा दूरचा नातलग आहे. पण इंग्रजी 'माइंड' वाक्प्रचारांत इतकं पसरलेलं आहे की प्रत्येक ठिकाणी 'मिन्ते' टाकली तर वाचवत नाही. विचार बदलणं हे एकाच क्रियापदात होतं, 'रझगिन्दी'. निश्चय करणं म्हणजे 'होतरी', ज्याच्या पोटात 'सीमा' या अर्थाचा 'होतार' आहे. 'रिअलाइझ' होणं म्हणजे 'आ-शि दा स्यामा', स्वतःला हिशेब देणं. तरुण मंडळी सरळ 'रेआलिझेझ' म्हणतात आणि जुन्या वळणाचे लोक कपाळाला आठ्या घालतात, कारण त्या शब्दाचा मूळ अर्थ प्रत्यक्षात आणणं. 'स्यामा' हंगेरियनमधल्या 'संख्या' या शब्दावरून आला. 'गिंद', म्हणजे विचार, हाही हंगेरियन 'गोंद'वरून, आणि तिथे त्याचा अर्थ काळजी. चिंता आणि चिंतन एकाच धातूचे, हे जाणणाऱ्यांना यात नवल नाही.

'मिन्ते'ची एक शाखा 'कुमिन्ते': शब्दशः 'मनासह', अर्थ शहाणा. हा शहाणपणा मुख्यतः आई 'शहाण्यासारखा बस' म्हणते तो. रोमानियन शिल्पकार ब्रांकुशी यांच्या 1907 च्या 'कुमिन्त्सेनिया पमिन्तुलुय' या दगडी शिल्पाचं इंग्रजी नाव 'पृथ्वीची प्रज्ञा' अशा अर्थाचं आहे. त्यात मुकाट बसलेल्या मुलीचं गुणी असणं गळून पडलं.

सरकारी भाषेत मानसिक आरोग्याला 'मिन्ताल' म्हणतात. 2002 च्या 487 क्रमांकाच्या कायद्याच्या नावात तेच आहे. फ्रेंच वळणाचं 'मेन्ताल'ही चालतं. प्रश्नावलीत दोन्हींपैकी एक ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवावं. 'कोन्श्तिइंत्स' या शब्दाला मात्र जपावं: जाणीव आणि सदसद्विवेक दोन्ही त्यातच. रुग्ण शुद्धीवर आहे का हे विचारायचं असेल तर डॉक्टरी शब्द 'कोन्श्तिएंत्स' वापरावा, नाहीतर त्याच्या नीतिमत्तेची चौकशी केल्यासारखं होतं.

शेवटचा मुद्दा शब्दाचा नाही, क्रियापदाच्या रूपाचा आहे. 'आय गेस ही हॅज लेफ्ट' याचं सहज रोमानियन म्हणजे 'ओ फी प्लेकात'. मराठीत 'गेला असेल'. दोन्ही भाषा 'असणे'चं भविष्यकाळी रूप घेतात आणि त्याने अंदाज सांगतात. 'आय वंडर व्हॉट ही इज डुइंग' म्हणजे 'च्यो फी फकिन्द?', 'काय करत असेल?' इंग्रजीत विचार करणारा माणूस क्रियापदासकट वाक्यात उभा असतो, इथे तो रूपात विरघळतो.

मजकुरातले शब्द मोजून विचारप्रक्रियेचा अंदाज घेणारी साधनं इथे फसतात. टेक्सासचे मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचं 'ल्यूक' हे त्यातलं सर्वात माहितीचं. विचार, शंका, खात्री दर्शवणारे शब्द ते वेगवेगळ्या खात्यांत मोजतं, आणि त्याचा रोमानियन कोशही तयार झाला आहे. पण 'ओ फी' हे दोन शब्द सुटे मोजून काही कळत नाही. 'ओ' म्हणजे 'एक' हे स्त्रीलिंगी उपपदही आहे, 'तिला'ही आहे आणि भविष्यकाळाचं सहायकही. 'फी' म्हणजे नुसतं 'असणे'. शंकेने भरलेला रोमानियन मजकूर अशा मोजणीत निःशंक दिसू शकतो. त्यावर उपाय म्हणजे मोजणीआधी व्याकरण ओळखणाऱ्या प्रणालीने 'ओ फी'नंतर कृदंत आलेल्या जागा खुणावून त्या शंकेच्या खात्यात टाकायच्या. तेवढं जमत नसेल तर रोमानियन मजकुराची तुलना रोमानियन मजकुराशीच करायची. इंग्रजी आकड्यांशेजारी तो स्तंभ मांडायचा नाही.