पार्श्वभूमी : अफगाण फुटबॉलपटू आणि आशियाई कोट्याची चौथी जागा

२६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटीत भारताविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात ८८व्या मिनिटाला अफगाणिस्तानला पेनल्टी मिळाली. ती घ्यायला पुढे आलेल्या खेळाडूला भारतातली मैदानं नवी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी केरळमधल्या एका क्लबाचा कर्णधार म्हणून त्याने आय-लीग या भारतीय फुटबॉल लीगचा करंडक उचलला होता. त्याने गोल केला, भारत १-२ असा हरला आणि भारतीय कर्णधाराचा दीडशेवा सामना पराभवात संपला. पुढे कित्येक दिवस चर्चा झाली ती भारताच्या प्रशिक्षकाची. पेनल्टी मारणारा हा खेळाडू आणि त्याच्याआधी मुंबई-गोव्यात खेळून गेलेले त्याचे देशबांधव इथवर कसे आले, हे सांगायचं राहूनच गेलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक नियम आहे. आशियाई चॅम्पियन्स लीग या क्लबांच्या स्पर्धेत २००९ पासून ‘तीन अधिक एक’ लागू झालं. कुठल्याही देशाचे तीन परदेशी खेळाडू आणि चौथा आशियाई फुटबॉल महासंघाच्या सदस्य देशाचाच. आशियातल्या क्लबांचा पैसा ब्राझील आणि आफ्रिकेतल्या खेळाडूंवर खर्च होतो, त्यातला काही वाटा आशियाई खेळाडूंना मिळावा, हा त्यामागचा हेतू. भारतातल्या आय-लीगनेही ही पद्धत उचलली.

गुंता होता तो ‘आशियाई’ कोणाला म्हणायचं यात. खेळाडू कुठे वाढला, कुठल्या अकादमीत शिकला, घरी कोणती भाषा बोलतो, याच्याशी नियमाला देणंघेणं नव्हतं. कागदोपत्री तो कोणत्या सदस्य देशाचा, एवढंच पाहिलं जाई. ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये आशियाई महासंघात आला, तेव्हापासून सिडनीचा खेळाडू आशियाई. काबूलमध्ये जन्मून जर्मनीतल्या क्लबात घडलेला खेळाडू अफगाण कागदांवर खेळत असेल, तर तोही आशियाई. क्लबांना असाच माणूस हवा होता : शिस्त आणि घडण युरोपातली, नोंद मात्र चौथ्या जागेवर. कोटा पळवाटेने भरला जातो, अशी टीका तेव्हा झाली. ती मला पटत नाही. हा खेळाडू लहानपणी घर सोडून गेला तो लढाईमुळे, कोट्यात बसावं म्हणून नव्हे.

शिवाय त्याच्याकडची अफगाण कागदपत्रं टिकून राहण्यामागे जर्मन कायद्याचाही हात आहे. जर्मनीचं नागरिकत्व घेताना आधीचं सोडावं लागे. २०२४ च्या मध्यापर्यंत हाच सर्वसाधारण नियम होता. पण अफगाणिस्तान आपलं नागरिकत्व सहसा सोडूच देत नाही, म्हणून जर्मन प्रशासन अफगाणांना यात सूट देत आलं. एरवी व्हिसाच्या रांगेत ज्या पासपोर्टला सगळ्यात शेवटचं स्थान, त्याला दक्षिण आशियातल्या फुटबॉलच्या बाजारात किंमत आली. देशानेही या मुलांना जवळ केलं. २०१३ मध्ये काठमांडूत भारताला २-० ने हरवून दक्षिण आशियाई अजिंक्यपद जिंकलेल्या संघात जर्मनीत वाढलेले खेळाडू बरेच होते. उपांत्य फेरीत नेपाळच्या दोन पेनल्टी अडवणारा गोलरक्षक त्यांच्यापैकीच.

भारताने नेमकी उलटी वाट धरली. भारतीय पासपोर्ट नसेल तर भारतीय संघात जागा नाही आणि दुहेरी नागरिकत्व कायद्यालाच मान्य नाही. पुण्याच्या क्लबात खेळणाऱ्या जपानमध्ये जन्मलेल्या मधल्या फळीतल्या एका खेळाडूने जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, तेव्हा कुठे २०१३ मध्ये त्याला निळी जर्सी मिळाली. अफगाण संघ परदेशस्थ मुलांवर उभा राहिला आणि आपण इंग्लंड-अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या मुलांकडे नुसतं बघत राहिलो. गुवाहाटीच्या निकालाचा विचार करताना हा फरक विसरून चालणार नाही.

मुंबईत आलेला अफगाण खेळाडू मात्र या युरोपात वाढलेल्यांपैकी नव्हता. तो काबूलच्या क्लब फुटबॉलमधून आलेला बचावपटू. २०११ च्या सुमारास मुंबईच्या क्लबाने त्याला घेतलं आणि पुढची काही वर्षं आय-लीगमध्ये तो या शहराचा खेळाडू म्हणून ओळखला गेला. काठमांडूला जिंकलेल्या संघातही तो होता. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) या नव्या लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा गोव्याच्या नव्या संघाने त्याला बोलावलं. त्या संघाचा प्रशिक्षक ब्राझीलचा एकेकाळचा महान खेळाडू होता आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. लीगमध्ये तेव्हा आशियाई खेळाडूची सक्ती नव्हती, म्हणजे ही निवड कोट्यापायी झालेली नव्हती. चौथ्या जागेने दार उघडून दिलं, आत गेल्यावर तो स्वतःच्या खेळावर टिकला.

गोव्यात याआधीही एक अफगाण येऊन गेला होता. नॉर्वेत वाढलेला हा आघाडीपटू २०१३-१४ च्या हंगामात आय-लीगच्या गतविजेत्या क्लबाकडे आला. आघाडीच्या फळीसाठी चौथ्या, आशियाई जागेवर अफगाण खेळाडू घेणं हा अपवादच. क्लब गोल करण्यासाठी नायजेरियन किंवा ब्राझिलियन शोधत. आशियाई जागा मध्यबचावासाठी, नाहीतर बचावफळीच्या पुढ्यात उभं राहून खेळ तोडणाऱ्यासाठी राखलेली असे. मिझोरममधल्या ऐझॉलच्या क्लबात आलेला, जर्मनीत वाढलेला अफगाण बचावपटूही याच साच्यातला. तिथून तो ढाक्याला गेला आणि २०१९-२० मध्ये चेन्नईच्या संघात आला. त्या हंगामाचा अंतिम सामना चेन्नईने गोव्यातल्या फातोर्ड्याला रिकाम्या स्टेडियममध्ये खेळला आणि गमावला. कोरोनाची साथ दाराशी आली होती.

नंतर ज्या क्लबांनी ही दारं उघडली, तेच बंद पडत गेले. पुण्याचा एक क्लब २०१५ मध्ये संपला, दुसरा २०१७ मध्ये. मुंबईचा तो क्लब त्याच वर्षी आय-लीगच्या तळाशी जाऊन बंद झाला. गोव्यातल्या तीन जुन्या क्लबांनी २०१६ मध्ये लीगमधूनच अंग काढून घेतलं. आशियाई खेळाडूला घेणारे महाराष्ट्र-गोव्यातले क्लब असे बघता बघता कमी झाले. अफगाण खेळाडू मग केरळ, ईशान्य भारत आणि बांगलादेशकडे वळले.

केरळच्या क्लबात आलेला मधल्या फळीतला खेळाडू, म्हणजे गुवाहाटीत पेनल्टी मारणाराच, रशियातल्या दागेस्तानात वाढलेला. २७ मार्च २०२१ रोजी कोलकात्यात आय-लीगच्या शेवटच्या सामन्यात त्याचा संघ मणिपूरच्या क्लबाविरुद्ध ०-१ ने मागे होता. ७०व्या मिनिटाला त्याने फ्री किकवर थेट गोल केला आणि सामना फिरला. केरळने ४-१ ने जिंकून पहिलं विजेतेपद घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं. पुढच्या हंगामात तोच कर्णधार झाला आणि आय-लीग लागोपाठ दोनदा जिंकणारा हा पहिला क्लब ठरला. देश असा उलथून पडलेला असताना वर्षभर संघ हाकणं म्हणजे काय, याची नोंद आपल्या क्रीडापानांनी पुरेशी घेतली नाही, हे मला अजूनही खटकतं.

ऑगस्ट २०२१ च्या त्या दिवसांत काबूल विमानतळावरून उडालेल्या अमेरिकी लष्करी विमानाला लटकून खाली पडलेल्यांमध्ये युवा राष्ट्रीय संघातला एक खेळाडूही होता. ज्यांच्याकडे दुसरा पासपोर्ट नव्हता, त्यांच्यासाठी परदेशातला करार हाच बाहेरचा रस्ता होता.

बायकांना तर तोही नव्हता. अफगाणिस्तानात जन्मलेली सर्वांत नावाजलेली व्यावसायिक फुटबॉलपटू हेरातची. वडिलांच्या हत्येनंतर ती डेन्मार्कला पोहोचली, पॅरिस आणि मँचेस्टरच्या क्लबांकडून खेळली, डॉक्टरही झाली, पण शंभरहून अधिक सामने खेळली ते डेन्मार्कसाठी. २०१९ मध्ये महिला खेळाडूंच्या लैंगिक छळाच्या प्रकरणात अफगाण फुटबॉलच्या प्रमुखावर आजन्म बंदी आली. देश सोडलेल्या महिला खेळाडूंचा निर्वासित संघ मोरोक्कोत मैदानात उतरायला ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला. मायदेशातल्या संघटनेची मान्यता नाही, या एका कारणावर त्यांना चार वर्षं ताटकळत ठेवलं गेलं. हा अन्यायच होता.

पुरुषांच्या संघातही सगळं आलबेल नव्हतं. मार्च २०२४ मध्ये भारताविरुद्धच्या सामन्यांआधी परदेशस्थ खेळाडूंच्या मोठ्या गटाने संघटनेवर भ्रष्टाचाराचा आरोप करून खेळायला नकार दिला. उरलेल्या संघाने आधी सौदी अरेबियात ०-० बरोबरी साधली आणि मग गुवाहाटी जिंकलं. त्याआधीचा इतिहास थोडकाच आहे : १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांत भारताकडून उपांत्य फेरीत ०-३ हार, १९८४ नंतर जवळपास दोन दशकं एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही आणि पुढे दक्षिण आशियाई गट सोडून मध्य आशियाई गटात प्रवेश.

आयएसएलने २०२०-२१ मध्ये एक आशियाई परदेशी सक्तीचा केला होता. २०२४-२५ पासून ही सक्ती उठली. आशियाच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेनेही त्याच हंगामात परदेशी खेळाडूंवरची मर्यादा काढून टाकली. चौथी जागाही आता स्पेन किंवा ब्राझीलच्या खेळाडूला देता येते आणि बहुतेक क्लब तसंच करतील.