सच्छिद्र की पारगम्य? अभिस्तर पेशींच्या पडद्याची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला, रबाळे-महापे पट्ट्यात, जुन्या रसायन कारखान्यांच्या शेजारी आता औषध संशोधनाच्या प्रयोगशाळाही आहेत. तिथल्या इन्क्युबेटरमधल्या प्लेटच्या खणांत एक प्लास्टिकची वाटी टांगलेली दिसते. तिचा तळ म्हणजे एक सच्छिद्र पडदा, कागदाच्या दशांश जाडीचा, जेमतेम १० मायक्रॉन. तिला सगळे ‘इन्सर्ट’ म्हणतात. अभिस्तर पेशी, म्हणजे अवयवांचं अस्तर बनवणाऱ्या पेशी, वाटीत वाढतात. मीडियम, म्हणजे त्यांना पोसणारं द्रव, वरही असतं, खालीही.

या पडद्याचा आरंभीचा काळ थोडक्यात. १९५० च्या दशकात भ्रूणाच्या मूत्रपिंडातल्या दोन ऊतींमध्ये फिल्टर ठेवून त्यांचा एकमेकींवरचा परिणाम तपासला गेला. तिथे फिल्टर हे कुंपण होतं, जमीन नव्हती. जमीन व्हायला आणखी वीसेक वर्षं लागली. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून १९५८ साली मिळालेल्या एमडीसीके पेशी साध्या प्लास्टिकवर वाढवल्या की थराला जागोजागी घुमटासारखे फोड यायचे. पेशी वरचं पाणी खाली ढकलत होत्या आणि खाली त्याला वाटच नव्हती. १९७६ मध्ये त्याच पेशी फिल्टरवर वाढवल्या गेल्या आणि त्यांचं वहन आणि विद्युतरोध (थर किती घट्ट जुळला याचं माप) थेट मोजता आला. १९७८ मध्ये हेच काम कोलॅजेन लावलेल्या नायलॉनच्या कापडावर झालं.

प्लास्टिकवरची खरी गंमत अशी की पेशी जितक्या चांगल्या जुळतात, तितक्या उपाशी राहतात. शेजारच्या पेशींमधल्या फटी बुजल्या की वरचं मीडियम तळापर्यंत पोचत नाही; आणि अनेक संप्रेरकांचे ग्राही, म्हणजे त्यांना पकडणारे रेणू, नेमके तळाच्या बाजूला असतात. शरीरात रक्ताकडून येणारं पोषण इथे तोंडाकडून भरवलं जातं.

म्हणून ‘सच्छिद्र’ हा शब्द मला खटकतो. छिद्रं म्हणजे जादू, असा त्यातून समज होतो. १९७० च्या दशकात उंदराच्या स्तनग्रंथीच्या पेशी कोलॅजेनच्या जेलवर वाढवल्या होत्या. जेल तळाला चिकटलेलं असताना पेशी चपट्या राहिल्या. ते सोडवून तरंगू दिलं तेव्हा उंच झाल्या, दुधाच्या निर्मितीकडे वळल्या. श्रेय खालून मिळणाऱ्या पोषणाचं, असं म्हणून विषय संपला असता. पण जेल रसायनाने कडक करून तरंगवलं, तर तळ मोकळा असूनही पेशी चपट्याच राहिल्या. म्हणजे पेशीचा आकार आणि तळाचा मऊपणाही हिशेबात धरावा लागतो. आजच्या इन्सर्टचा पडदा मात्र कडकच असतो, आणि तो मुद्दा बाजूला पडला आहे.

दुसरा गुंता मोजमापाचा. मी पाहिलेल्या मागणीपत्रांवर बहुधा छिद्राचं माप, नुसतं ‘०.४ मायक्रॉन’, लिहिलेलं असतं. पॉलिकार्बोनेटच्या त्या मापाच्या पडद्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० कोटी छिद्रं असतात. पॉलिएस्टरच्या एका नेहमीच्या प्रकारात सुमारे ४० लाख. गणित केलं तर पहिला १२-१३ टक्के उघडा, दुसरा अर्धा टक्का. सच्छिद्र दोन्ही, पारगम्यता, म्हणजे आरपार जाऊ देण्याची क्षमता, मात्र वेगळी. तरी पॉलिएस्टर निवडलं जातं, कारण ते पारदर्शक आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात. पॉलिकार्बोनेट धुरकट. माझं मत विचाराल तर पेशी डोळ्यांना दिसण्याची हौस आपल्याला महागात पडते: झपाट्याने पार होणाऱ्या औषधाची चाचणी करताना आपण कधीकधी पेशींचा नव्हे, पडद्याचाच अडथळा मोजत असतो. मोठी छिद्रं हाही सरसकट उपाय नाही. ३ मायक्रॉनपासून काही पेशी आरपार उतरू लागतात, आणि ८ मायक्रॉनचे पडदे तर पेशींचं स्थलांतर पाहण्यासाठीच वापरतात.

नवी मुंबईच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा १९८९-९० चा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या काको-२ पेशी पडद्यावर सुमारे २१ दिवस ठेवल्या की लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागतात, आणि गोळीतलं औषध किती शोषलं जाईल याचा अंदाज देतात. त्यांचा सूक्ष्म केसाळ काठ प्लास्टिकवरही येतो, हे आवर्जून सांगायला हवं; पडद्यामुळे मिळाली ती दुसरी बाजू, जिथून नमुना काढता येतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००० साली अशा चाचण्यांना पारगम्यतेच्या पुराव्यात जागा दिली. जेनेरिक औषधांवर चालणाऱ्या या पट्ट्याला एवढं पुरेसं होतं.

श्वसनमार्गाच्या पेशींची गोष्ट वेगळी. वरचं मीडियम काढून हवा लागू दिली तरच त्यांना नीट लव फुटते आणि श्लेष्मा तयार होतो. तेव्हा सगळं पोषण खालून, म्हणजे इथे पडद्याला पर्यायच नाही. २०२० च्या सुरुवातीला नवा करोना विषाणू अशाच थरांवर वाढवला गेला. भारतात २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी बंद झाली, आणि मार्च २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत पेशींवर आधारित पद्धतींना स्थान मिळालं. त्यानंतर ‘चिपवरचा अवयव’ (अवयवाची नक्कल करणारं पेशींचं छोटं उपकरण) हा शब्द बैठकांत ऐकू येऊ लागला. त्या चिपमध्येही मधोमध सच्छिद्र पडदाच असतो. पुष्कळदा सिलिकॉन रबराचा, आणि तो तेलकट औषधं स्वतःच शोषून घेतो.

अशा चिप रुळेपर्यंत रोजचं काम जुन्याच रीतीने चालतं: आधी रिकाम्या इन्सर्टचा रोध मोजायचा, पेशींच्या आकड्यातून तो वजा करायचा, आणि उरलेल्याला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं.