मूल अठरा वर्षांचं झालं, आता कायदेशीर पालकत्वाचा अर्ज कसा करायचा?

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या आईवडिलांसमोर हा प्रश्न बहुधा बँकेच्या काउंटरवर पहिल्यांदा उभा राहतो. आजोबांनी नातवाच्या नावावर ठेवलेली मुदत ठेव पिकलेली असते, नातू शेजारीच उभा असतो आणि पलीकडून उत्तर येतं, "सही त्याची लागेल, नाहीतर पालकत्वाचा कागद आणा." आई म्हणते, "अहो, मीच आई आहे त्याची." आई आहेच; पण अठरा पूर्ण झाले की मूल कायद्याने सज्ञान होतं आणि नैसर्गिक पालकत्व तिथेच संपतं. दिव्यांगत्व पन्नास टक्के असो की शंभर.

यावरचा सोपा मार्ग राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ मध्ये आहे. या कायद्याखाली जिल्ह्यात 'स्थानिक स्तर समिती' असते. तिच्यावर तिघे असतात : जिल्हाधिकारी, दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. पालकत्वाचं प्रमाणपत्र हीच समिती देते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, वकीलही लागत नाही. बँकांनी हे प्रमाणपत्र ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेनेही कळवलेलं आहे.

कोणाला मिळतं?

हा कायदा चारच प्रकारांना लागू आहे : स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता. डाउन सिंड्रोम असलेली बहुतेक मुलं बौद्धिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर यात बसतात. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजाराचे रुग्ण बसत नाहीत. त्यांच्यासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या मर्यादित पालकत्वाची वाट वेगळी आहे.

पात्र असणं आणि गरज असणं या मात्र दोन गोष्टी. सेरेब्रल पाल्सी असलेली, बोलायला अडखळणारी पण आपले व्यवहार चोख सांभाळणारी मुलगी असेल, तर तिला पालक कशाला? समितीनेही आधी हेच पाहायचं असतं : या व्यक्तीला पालकाची खरोखर गरज आहे का, आणि कोणत्या कामासाठी. म्हणून अर्जात 'सर्व कामांसाठी' असं मोघम लिहू नका. बँक खातं चालवणं, कुटुंब निवृत्तिवेतन, उपचारांना संमती असं नेमकं लिहा.

अर्ज आईवडील दोघं मिळून करतात; एक हयात नसेल किंवा विभक्त असेल तर दुसरा एकटा करू शकतो. ते नसतील तर भावंडं, मग इतर नातेवाईक. कोणीच नसेल तर नोंदणीकृत संस्थाही पालक होऊ शकते. 'आपल्यामागे याचं काय' या एकाच काळजीतून आईवडिलांनी स्वतः संस्था काढल्याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत, बदलापूरची 'आधार' ही त्यातलीच.

आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र बघा

अर्ज अडतो तो बहुतेकदा इथे. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लहानपणी कायमचं मिळत नाही. वयाच्या ५, १० आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी असते. सहाव्या वर्षी काढलेलं, लॅमिनेट करून कपाटात जपलेलं प्रमाणपत्र घेऊन लोक येतात आणि तिथूनच परत जातात. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात बुद्ध्यांकाची नवी चाचणी करून घ्या आणि त्यावरच यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. मुलाला रांगेत फार वेळ बसवत नसेल तर चाचणीची वेळ आधी विचारून ठेवा. कंटाळलेलं, भुकेलं मूल चाचणीत नीट उत्तरं देत नाही.

बाकीची कागदपत्रं घरातच सापडतील. पाल्याच्या वयाचा पुरावा (जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला), पाल्य आणि पालक दोघांचं आधार आणि रहिवासाचा पुरावा, नातं दाखवणारा कागद, पालक व पाल्य यांचा एकत्र फोटो, आणि पाल्याच्या नावावर काय काय आहे त्याचा तपशील. भाऊ किंवा बहीण अर्ज करत असेल तर आईवडिलांचे मृत्यूदाखले आणि इतर भावंडांचं ना-हरकत पत्र जोडा. हे पत्र सगळ्यांत शेवटी मिळतं, त्यामुळे सगळ्यांत आधी मागा. प्रतिज्ञापत्र लागतं का, हे मात्र आपल्या जिल्ह्यात विचारून घ्या.

अर्ज ते सुनावणी

अर्ज 'नमुना अ' मध्ये असतो. राष्ट्रीय न्यासाच्या संकेतस्थळावरूनही प्रक्रिया होते, पण माझा सल्ला असा की आधी जिल्ह्यातली नोंदणीकृत संस्था गाठा. तिथल्या समाजसेविकेने असे कितीतरी अर्ज भरलेले असतात. कोणता कागद कोणत्या टेबलावर जातो हे तिला पाठ असतं, आणि समितीची पुढची बैठक कधी हेही. बैठक कायद्याने तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. थोडक्यात हुकली की अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत पडून राहतो.

सुनावणीला पाल्याला बरोबर न्या. "नाव काय? जेवलास का? कोणाबरोबर आलास?" असे साधे प्रश्न विचारतात. इथे आया फार घाई करतात आणि मुलाच्या आधी स्वतःच उत्तर देऊन टाकतात. त्याला वेळ द्या. तो आईकडे बोट दाखवून नुसता हसला तरी समितीला जे पाहायचं ते दिसतं. मंजुरी मिळाली की 'नमुना ब', म्हणजेच पालकत्वाचं प्रमाणपत्र, हाती येतो.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतर

ही बाजू फारसं कोणी सांगत नाही. पालक म्हणजे मालक नव्हे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची, येण्या-देण्याची यादी समितीला द्यायची असते. त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, जमाखर्च द्यायचा असतो. एक वही घाला, पावत्या चिकटवत जा. हेळसांड किंवा पैशांची अफरातफर झाली तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था पालकाला काढून टाकण्याची मागणी करू शकतात. घर-जमीन विकायची वेळ आली तर मात्र नुसत्या या कागदावर विसंबू नका. आधी समितीला विचारा आणि वकिलाचा सल्ला घ्या.

संस्थेत गेलाच आहात तर 'निरामय' आरोग्य विम्याचंही विचारा. याच चार प्रकारांसाठी एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

आणि हे प्रमाणपत्र वारसाहक्काने पुढे जात नाही. पालक गेले तर नव्या माणसाला नवा अर्ज करावा लागतो. मृत्युपत्रात धाकट्या मुलाचं नाव लिहिलं म्हणून तो आपोआप पालक होत नाही. आईवडिलांपैकी एकाचंच नाव असेल तर ते दोघांचं करून घ्या, आणि पुढे कोण सांभाळणार ते त्या माणसाला विचारून, तुमचे हातपाय चालताहेत तोवरच संस्थेच्या फाइलमध्ये लेखी नोंदवून ठेवा.