पवना जलाशयाकाठची जमीन : पार्श्वभूमी

तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांमध्ये पसरलेल्या मावळातल्या पवना जलाशयाच्या काठी आज जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो. शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरणाविरुद्ध १९२१ सालीच सत्याग्रह झाला होता. पवनेचे भूसंपादन त्यानंतर चार दशकांनी, साठच्या दशकात झाले.

खरा गुंता त्या संपादनातच आहे. धरणासाठी घेतलेली सगळी जमीन पाण्याखाली गेली नाही. वरच्या अंगाची बरीच कोरडीच राहिली. बाधित खातेदार होते १२०३. त्यांपैकी ३४० जणांचे पुनर्वसन झाले, ८६३ जण मागे राहिले. पर्यायी जमीनच न मिळाल्याने अनेक कुटुंबे काठावरच्या शिल्लक जमिनीत भात लावत राहिली. कागदावर ती जमीन सरकारची, कसणारा मात्र मूळ मालकाचा मुलगा किंवा नातू. त्याला अतिक्रमणदार म्हणणे अन्यायाचे आहे. याच शिल्लक क्षेत्रातून प्रत्येकी एक एकर आणि दुसरीकडे एक एकर देण्याचा तोडगा पुढे आला, पण तोवर दोन पिढ्या सरल्या होत्या.

द्रुतगती मार्ग झाल्यावर मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक आले. बंगले आले, पाठोपाठ काठावर तंबू लागले. शेतजमीन घ्यायला खरेदीदार मुळात शेतकरी लागतो, ही कूळकायद्याच्या कलम ६३ची अट. तिच्या जोडीला तुकडेबंदी, म्हणजे प्रमाणक्षेत्राहून लहान तुकडा वेगळा विकायला मनाई. ऑगस्ट २०२३ पासून जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणक्षेत्र ठरले. त्याआधीच्या कित्येक व्यवहारांत एकाच सातबाऱ्यावर अनोळखी माणसांची सामाईक नावे चढली आणि वाटपाचे वाद मागे उरले.

पाण्याचा प्रश्न निराळाच पेटला. पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. मावळात जमिनीचा किंवा पाण्याचा विषय निघाला की आजही आधी हेच आठवते.

उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन जलाशयाचीच असते. तरीही प्लॉट दाखवताना ती मोजून दाखवली जाते. म्हणून इथे नुसता चालू सातबारा पाहून भागत नाही, संपादनाच्या काळापर्यंतचे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या जुन्या नोंदी, आणि संपादनाचा नकाशा काढावा लागतो.