तीनशे वर्षांपूर्वी रीफवरच्या पाण्याचा पीएच किती होता, हे सांगणारं प्रवाळ

पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी हे सांगणारा आकडा (जितका कमी, तितकं जास्त आम्लधर्मी), ही संकल्पनाच १९०९ ची, सोरेन्सन या डॅनिश केमिस्टची. हवाईजवळच्या खुल्या समुद्रात नियमित मोजणी सुरू झाली ती १९८८ पासून. मग १८ व्या शतकात रीफवरचं, म्हणजे प्रवाळांच्या खडकांवरचं, पाणी किती आम्लधर्मी होतं हे कुणाला विचारायचं? तर पोराइट्स नावाच्या प्रवाळाला. हे दगडासारखं गोलमटोल वाढतं, वर्षाला साधारण सेंटीमीटरभर, आणि एक्स-रे काढला की झाडाच्या खोडासारखे वर्षावर्षाचे पट्टे दिसतात. पाणबुडे ड्रिलने त्यातून लांबलचक नळकांडं काढतात, त्याच्या चकत्या कापायच्या, पट्टे मोजायचे आणि हव्या त्या वर्षाची पूड खरवडून घ्यायची.

आता या पुडीत शोधायचं काय, तर बोरॉन. समुद्रात बोरॉन दोन रूपांत असतो, बोरिक ॲसिड आणि बोरेट, आणि कुठलं किती हे पीएचवर ठरतं. त्यात बोरॉनचे दोन आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, हलका १० आणि जड ११, पैकी जडाला बोरिक ॲसिडमध्ये राहायला आवडतं. प्रवाळ सांगाड्यात घेतं ते मुख्यतः बोरेट. पीएच चढला की बोरेटचा वाटा वाढतो आणि त्यातलं जड बोरॉनचं प्रमाणही वाढतं, म्हणजे सांगाड्यातलं ११ आणि १० चं गुणोत्तर मोजलं की पीएच काढता येतो. फरक अगदी बारीक, पीएच ०.१ ने हलला तर बोरेटमधलं गुणोत्तर हजारात साधारण एकाने बदलतं, त्यामुळे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरशिवाय पर्याय नाही.

पण एक मोठी भानगड आहे. प्रवाळ जिथे सांगाडा बांधतं तिथल्या द्रवाचा पीएच ते स्वतःच वाढवून ठेवतं, त्यामुळे आकडा मिळतो तो त्या द्रवाचा, बाहेरच्या पाण्याचा नाही, आणि तो दुरुस्त करून घ्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडच्या कोरल समुद्रातल्या फ्लिंडर्स रीफच्या अशाच एका प्रवाळावरचा अभ्यास २००५ मध्ये आला. त्यात तीनशे वर्षांत पीएच सुमारे ७.९ ते ८.२ मध्ये वरखाली झालेला दिसला, साधारण ५० वर्षांच्या लाटांमध्ये, पॅसिफिकच्या हवामानचक्राच्या तालावर. कारण असं सुचवलं गेलं की सांगाडा बांधताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि वारा-प्रवाह मंदावले की रीफवरचं पाणी लवकर बदलत नाही, मग तो तिथेच साठतो आणि पीएच खाली येतो.

‘बघा, समुद्राचं आम्लधर्मी होणं सगळं नैसर्गिक आहे’ म्हणणाऱ्यांना हे फार आवडतं. पण औद्योगिक क्रांतीपासून समुद्रपृष्ठाचा पीएच जो ०.१ ने घसरलाय तो लाटेसारखा परत वर येत नाही, आणि लाटेचा तळ आला की ही घसरण त्यात आणखी भर घालते.